'न्हाई' एकदाच विचारायचं

तेलगावात माझा सत्कार झाला तेव्हा मला जेसीबीनं हार घातला. थट्टा करत नाही. चौकात दोन जेसीबी उभे केलते. एकाच्या पंज्यातून झेंडूची फुलं उधळली आणि दुसऱ्याला दोरानं बांधलेला अगडबंब हार माझ्या डोक्यावर आणून लोंबकळत ठेवला. मागं फ्लेक्स होता. त्यावर मी होते, रॉकेट होतं, आणि आम्हा दोघांपेक्षा तिप्पट मोठे भाऊ होते. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांनी माईक हातात घेऊन मला विचारलं, "ताई, तुमचे गुरू कोण ते जरा लोकांना सांगा."

मी म्हणाले, "तुमच्याच धारूरच्या घाटातले. आमचे सर."

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "कोण, थांबसाहेब का?" त्यावर आणखी हसले. भाऊसुद्धा हसले आणि माईकवरच म्हणाले, "ताई, त्यांचं रॉकेट जागेवरच राह्यलं की वो! तुमचं गेलं. गेलं त्याला मान हाय."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की तो हार तोडून भाऊंच्या गळ्यात घालावा. पण गावची लेक म्हणून दात ओठ खात हसले. आणि दोन तासांनी मी स्वतः काय केलं ते पुढं सांगते. आधी हा माणूस कसा होता ते सांगू द्या, नाहीतर तुम्हीही हसाल.

सर आमचे मिशन डायरेक्टर होते. म्हणजे रॉकेट सुटायच्या आधी शेवटचं 'सोडा' म्हणणारा माणूस. आमच्या नियंत्रण कक्षात चौदा जण चौदा पडद्यांसमोर बसतात. कुणी इंधन बघतं, कुणी वीज, कुणी दिशा, कुणी हवामान. डायरेक्टर एकेकाचं नाव घेऊन विचारतो, तयार? चौदाही 'तयार' म्हणाले तर रॉकेट सुटतं. एकानं जरी 'नाही' म्हटलं तर थांबायचं. हे सगळ्याच देशांत असतं. आमचं सगळं इंग्रजीतून चालतं, इथं मी मराठीत सांगते.

सरांनी त्यात स्वतःचं एक घुसवलं होतं. जो 'तयार' म्हणेल त्याला ते पुन्हा विचारायचे, "पक्कं?" त्यानं पुन्हा पडद्याकडं बघून सांगायचं. पण जो 'नाही' म्हणेल त्याला दुसरा प्रश्न नाही. का, कशावरून, किती, काही नाही. आधी थांबायचं. हो दोनदा विचारायचं, नाही एकदाच. हा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता, आणि तो पुस्तकात घालावा म्हणून सरांनी वरच्या साहेबांचं डोकं इतकं खाल्लं की ते सर दिसले की जिना बदलायचे.

तसे ते खाण्यातलेच होते. सीताफळं! घाटातली सीताफळं पोत्यात भरून, रेल्वेनं दोन दिवसांचा प्रवास करून दक्षिणेत आणायचे आणि ऑफिसच्या फायलींच्या कपाटात, वाळलेल्या गवतात पिकत घालायचे. अतिगोपनीय असा शिक्का मारलेल्या फायली उघडल्या की सीताफळाचा वास यायचा. एकदा एका पाहुण्या शास्त्रज्ञाला त्यांनी सीताफळ दिलं आणि तो बिया कुठं टाकू म्हणून इकडं तिकडं बघायला लागला, तर सरांनी सरळ एका अहवालाचं पान फाडून पुढं केलं. वर म्हणाले, "ह्या अहवालात 'बहुतेक' हा शब्द चार जागी हाय. त्याचा ह्योच उपयोग."

'बहुतेक'वर त्यांचा भयंकर दात होता. मीटिंगमध्ये कुणी "बहुतेक होईल सर" म्हटलं की त्याला उठवायचे. "जा, त्या बहुतेकला बाहेर चपलांजवळ ठेवून ये." आणि तो माणूस, मग तो कितीही मोठा असो, खरंच दारापर्यंत जाऊन यायचा. मीसुद्धा गेलेय. अपमान वाटायचा हो! चांगली शिकली सवरलेली मी, चपलांपाशी जाऊन उभी राहायची आणि परत यायची. 'माहीत नाही' म्हटलेलं मात्र चालायचं. 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला सीताफळ मिळायचं.

पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं तसे ते इंग्रजी सोडून एकदम गावच्या बोलीवर आले. "तेलगावची का? मग मोठ्यानं बोल की. तुमच्याकडं बाया ह्या बांधावरून त्या बांधावर गप्पा मारतात. हितं आल्यावर कावून आवाज बसतो सगळ्यांचा?" बारा वर्षं घरापासून लांब राहून मी माझी भाषा विसरत चालले होते. त्या एका 'कावून'नं, आमच्याकडच्या 'का'नं, मला रडू आलं. ते म्हणाले, "आता रडायला काय झालं बाई," आणि निघून गेले. माया करणं त्यांना जमायचंच नाही.

हा दोनदा-एकदाचा नियम त्यांनी कुठून आणला, ते मला फार उशिरा कळलं. विहिरीवरून. आमच्याकडं घाटात जमीन म्हणजे काळा पाषाण, सुरुंगाशिवाय विहीर खाली जात नाही. सरांचे वडील विहिरींना सुरुंग लावायचं काम करायचे. एकदा ते वातीला काडी लावायला वाकले, तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, "थांब!" वडिलांनी काडी हातात धरूनच वर बघितलं आणि विचारलं, "कावून?" वात आखूड कापली गेली होती. वरचा माणूस तेच सांगत होता, पण त्याचं सांगून होईपर्यंत काडी वातीला टेकली. वडील वाचले. डाव्या हाताला दोन बोटं राहिली.

"बापाची चूक थांबला न्हाई ही नव्हती," सर म्हणायचे. "थांबायच्या आधी कावून विचारलं ही होती. आधी थांब. मग बस निवांत, बिडी पेटव, आणि विचार कावून."

हे त्यांनी फक्त रॉकेटपुरतं ठेवलं असतं तर त्यांना कुणी वेडा म्हटलं नसतं. पण सख्ख्या पुतणीच्या लग्नातही हा माणूस अक्षता हातात घेऊन मांडवात फिरला. आचाऱ्याला विचारलं, तयार? "तयार." पक्कं? बँडवाल्याला विचारलं. लग्न लावणाऱ्या महाराजांना विचारलं. नवरदेवाला दोनदा विचारलं. मग नवरीजवळ गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तू तयार हायस का? पक्कं?" मांडवात चिडीचूप. पुतणी लाजून दोनदा 'हो' म्हणाली, तेव्हा कुठं हे बाजूला झाले. नवरीचा बाप, म्हणजे सरांचा धाकटा भाऊ, संतापला. "ती जर न्हाई म्हणली असती तर, दादा?" सर शांतपणे म्हणाले, "तर थांबलो असतो. भात काय, उद्या पण खाता आला असता." त्या दिवसापासून भावानं बोलणं टाकलं. पुतणी मात्र दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडं यायची. हे मला काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं सांगितलं.

आता ज्या दिवसावरून गाव हसतं तो दिवस.

मी एकोणतीस वर्षांची होते. रॉकेटमध्ये इंधन पुढं ढकलायला एका गोल टाकीत हेलियम वायू दाबून भरलेला असतो, त्याचा दाब बघणं हे माझं काम. त्या दिवशी काचेमागं फार मोठे पाहुणे बसले होते. टीव्हीवाले होते. सगळा देश बघत होता. आणि माझ्या पडद्यावरचा दाबाचा आकडा खाली सरकत होता. थोडासाच. ठरवलेल्या मर्यादेच्या आतच. पण सरकत होता.

सरांनी माझं नाव घेतलं. "तयार?"

मी म्हणाले, "नाही."

सरांनी मान वळवून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "थांबवा," म्हणाले. संपलं. काचेमागून फोन वाजायला लागले, वरचे साहेब उठून उभे राहिले, आणि सर रॉकेटमधलं इंधन उतरवायच्या सूचना देत राहिले. ते सगळं मार्गी लागल्यावर माझ्या खुर्चीजवळ आले, खिशातून चार शेंगदाणे काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "हं. आता सांग. कावून?"

रॉकेट उघडलं. टाकी शाबूत होती. गळती कुठंही नव्हती. दाब मोजणाऱ्या यंत्राची एक पिन सैल होती, म्हणून आकडा खोटा दिसत होता. म्हणजे रॉकेट अगदी ठणठणीत होतं आणि माझ्या एका शब्दावर ते देशासमोर उभं राहिलं होतं. मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. सर म्हणाले, "आकडा खोटा निघाला. तू खोटी न्हाईस. उद्या वेळेवर ये."

चौकशी बसली. मीही त्या खोलीत होते. वरच्या साहेबांनी सरांना विचारलं, "तुम्ही तिला फक्त एकदा पुन्हा विचारायचं होतं. तिनं आकडा परत बघितला असता, मर्यादेत आहे म्हणून 'तयार' म्हणाली असती. इतकी नामुष्की झाली नसती."

सर म्हणाले, "म्हणूनच नाही विचारलं."

एवढंच. ह्याच्यापुढं एक शब्द नाही. मला टेबलावरून काढायचं चाललं होतं, ते त्यांनी होऊ दिलं नाही. कुणाला तरी शिक्षा हवी असेल तर मला करा, म्हणाले. त्यांनी केली. सरांची खुर्ची गेली. कॉरिडॉरच्या टोकाला एक खोली दिली, दारावर 'सल्लागार' अशी पाटी. सल्ला विचारायला निवृत्तीपर्यंत एक माणूस फिरकला नाही. तेच रॉकेट पुढं दुसऱ्या डायरेक्टरनं सोडलं, त्याचा फोटो छापून आला. टीव्हीवर आधीच सरांचा चेहरा सगळ्यांनी बघितला होता, 'थांबवा' म्हणताना. गावाकडं त्याच दिवशी बारसं झालं, थांबसाहेब.

मी त्यांच्या खोलीत जाऊन भांडायचे. "सर, तुम्ही बोला ना! कोर्टात जा, पेपरात सांगा! असं कसं गप्प बसता?" ते सीताफळ फोडत म्हणायचे, "माझं काय गेलं गं? खुर्ची गेली. तुझं 'न्हाई' राह्यलं ना? ते लई महाग असतं. ते एकदा गेलं की माणूस कामाचा न्हाई राहत." मला त्यांचा इतका राग यायचा! त्या माणसानं स्वतःची सगळी नोकरी माझ्या एका चुकीच्या आकड्यापायी घालवली, आणि मला साधं वाईट वाटून घ्यायचीही सोय ठेवली नाही.

त्यांच्यामुळं मी टिकले. वर चढत गेले. आणि गेल्या वर्षी त्यांच्याच खुर्चीत बसले.

माझी पहिली मोहीम. काचेमागं पाहुणे. चौदा नावं. मी सरांच्याच पद्धतीनं विचारत गेले. तयार? पक्कं? एक, दोन, तीन. सातवा माणूस दिशेचं काम बघणारा, चाळिशीचा, केरळचा, कमी बोलणारा.

"तयार?"

तो म्हणाला, "नाही."

माझ्या मनात त्या क्षणी काय आलं सांगू? सल्लागाराची पाटी आली. कॉरिडॉरच्या टोकाची ती खोली आली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पक्कं?"

मध्ये थोडा वेळ शांतता. त्यानं पडद्याकडं बघितलं. मग काचेकडं. मग म्हणाला, "तयार."

रॉकेट गेलं. उपग्रह बरोबर जागेवर बसला. त्याला जे दिसलं होतं ते खरोखरच किरकोळ होतं, नंतर आम्ही सगळं तपासलं. टाळ्या, पेढे, मुलाखती. आणि मग तेलगावचा जेसीबी.

तर तो हार, शाल, नारळ सगळं गाडीत टाकून मी चौकातून थेट धारूरच्या घाटाकडं निघाले. म्हटलं, ही शाल सरांच्या खांद्यावर टाकायची. पुढाऱ्यानं केलेला अपमान धुऊन काढायचा. सर अंगणात गवतावर सीताफळं मांडत बसले होते. डोळा उघडलेली एकीकडं, कच्ची एकीकडं. काकूंनी पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेल्या. मी शाल पिशवीतून काढत होते तेवढ्यात सरांनी मान वर न करता विचारलं, "सातव्यापाशी काय झालं?"

मला कळेना. ते म्हणाले, "टीव्हीवर बाई बोलत होती, पण तिच्या मागं तुमची विचारपूस बारीक ऐकू येती. माझं आयुष्य गेलं त्यात. सातव्यापाशी मोठी फट पडली. तो न्हाई म्हणला का?"

मी शाल पिशवीत परत सारली.

"आणि तू दुसऱ्यांदा विचारलंस."

आणि मग मी उसळले. लाज वाटली म्हणून उसळले हे मला तेव्हाही कळत होतं, पण तोंड थांबेना. "हो, विचारलं! मग काय करायचं होतं? देशासमोर उभं ठेवायचं होतं रॉकेट? त्याला दिसलं ते काहीच नव्हतं, सर! काहीच! तुमचं राहिलं जागेवर, माझं गेलं! नीट गेलं!"

भाऊंचं वाक्य. जवळजवळ तेच शब्द. ज्या वाक्यावर दोन तासांपूर्वी माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, ते मी त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच तोंडावर म्हणाले. काकू चहाचे कप घेऊन दारातच थबकल्या.

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक सीताफळ उचललं, दाबून बघितलं, कच्च्यांत ठेवलं. "रॉकेट गेलं, लई चांगलं झालं," म्हणाले. "पण त्या माणसाचं 'न्हाई' पण गेलं त्याच्यासंगं. रॉकेट तुमी दुसरं बांधताल. ते कुठून आणणार?"

चहा न घेता मी उठले. शाल पिशवीसकट गाडीच्या मागच्या सीटवर टाकली. घाट उतरताना मी त्यांना मोठमोठ्यानं नावं ठेवत होते. हेकट, आडमुठा, दुसऱ्याचं यश न बघवणारा म्हातारा! ड्रायव्हर आरशातून बघत होता.

त्यानंतर चार महिन्यांनी पुढची मोहीम आली. तेच चौदा पडदे. मी मनाशी ठरवून गेले होते की ह्या वेळी त्या सातव्या माणसाला आधीच भेटायचं, सांगायचं की तुला जे वाटेल ते बिनधास्त बोल. भेटले. बोलले. त्यानं नम्रपणे मान हलवली, "येस मॅडम."

नावं सुरू झाली. पाच. सहा. सातव्याचं नाव घेतलं, आणि माझा 'तयार?' तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत तो म्हणाला, "तयार."

"पक्कं?"

"पक्कं."

तो माझ्याकडं बघत होता. दोन्ही वेळा माझ्याकडंच. पडद्याकडं त्यानं नजर टाकलीच नव्हती.

मी हे बघितलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि आठव्याचं नाव घेतलं.

तेही रॉकेट नीट गेलं. टाळ्या झाल्या. कुणीतरी माझ्या हातात पेढा दिला. मी तो घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये आले, पार टोकाच्या खोलीपर्यंत गेले आणि धारूरला फोन लावला. काकूंनी उचलला. "अगं, आमी बघितलं! दोघांनी बघितलं!" त्या म्हणत होत्या, तेवढ्यात मागून सरांचा आवाज आला, "दे हिकडं." आणि मग जवळून, "सातवा काय म्हणला?"

"तयार म्हणाला, सर."

"बघून म्हणला का न बघता?"

खोटं बोलता आलं असतं. बहुतेक बघून, असंही म्हणता आलं असतं.

"न बघता," मी म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "मग तू थांबली कावून न्हाईस?"

पेढा हातात चिकटला होता. पलीकडून त्यांनी फोन ठेवला नव्हता. ते उत्तराची वाट बघत होते.